मनातले मांडे आणि मनातला सराव

प्रेरणादायी व्याख्यानांना नेमाने जाणाऱ्या प्रत्येकाने येल विद्यापीठाची गोष्ट ऐकलेली असते. १९५३ साली तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारले गेले, की आयुष्यातली ध्येये तुम्ही कागदावर लिहून काढली आहेत का? तीन टक्के मुलांनी होकार दिला. वीस वर्षांनी पाहतात तो काय, त्या तीन टक्क्यांची मालमत्ता उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांच्या एकत्रित मालमत्तेहून जास्त! इथे टाळ्या पडतात आणि सभागृहाबाहेरच्या टेबलावर डायऱ्या खपतात. असा अभ्यास मुळात कधी झालेलाच नाही. १९९६ मध्ये 'फास्ट कंपनी' या अमेरिकी मासिकाने त्याचा माग काढायचा प्रयत्न केला, तेव्हा हा दाखला देणारे नामांकित वक्ते एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि येलच्या दप्तरात काहीच निघाले नाही. गोष्ट मात्र ठणठणीत आहे. मराठीतही ती चांगली रुळली आहे.

चीड येते ती अशासाठी, की खरे संशोधन भरपूर असताना खोटे सांगण्याची गरजच नाही. तीव्र इच्छा पुष्कळांना असते. त्यांतल्या थोड्यांना ती गोष्ट मिळते, बाकीचे हळहळत राहतात. या दोघांच्या मधल्या वाटेत काय घडते यावर मानसशास्त्रज्ञ गेली पन्नास-साठ वर्षे प्रयोग करत आहेत. त्यातून जे हाती लागले ते व्यासपीठावरून सांगितले जाते त्याहून वेगळे आहे, आणि एका महत्त्वाच्या बाबतीत तर अगदी उलटे.

आधी ध्येयाबद्दल. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये एक साधी मांडणी केली. माणसाला 'जमेल तेवढे चांगले कर' असे सांगितले, तर तो जेवढे करतो त्यापेक्षा नेमके आणि जरा अवघड ध्येय दिले तर जास्त करतो. पुढे गॅरी लॅथम यांनी ही मांडणी प्रयोगशाळेबाहेर नेली, ती थेट लाकडाच्या धंद्यात. ओक्लाहोमामध्ये जंगलातले ओंडके ट्रकमध्ये भरून गिरणीत नेणारे चालक होते. कायद्याने जेवढे वजन नेता येते त्याच्या साधारण ६० टक्केच माल ते भरत. ओंडके लहानमोठे, अंदाज डोळ्यांनी घ्यायचा, जास्त भरले तर कायदा मोडतो. त्यामुळे जो तो हात राखून भरायचा. लॅथम यांनी त्यांना ९४ टक्के हा आकडा दिला. पगारवाढ नाही, बक्षीस नाही, आकडा गाठला नाही तर शिक्षाही नाही. पहिल्या महिन्यात भरती ८० टक्क्यांवर गेली. दुसऱ्या महिन्यात ती ७० वर घसरली. कंपनी शब्द पाळते का, खरोखरच शिक्षा करत नाही ना, हे चालक तपासून पाहत होते! तशी खात्री झाल्यावर तिसऱ्या महिन्यात भरती ९० च्या पुढे गेली आणि तिथे टिकली. हा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला.

या चालकांपैकी एकाच्याही छातीत ओंडक्यांची आस पेटलेली नव्हती, हे लक्षात घ्यावे. आकड्याने त्यांचे लक्ष एका जागी आणले. प्रत्येक खेपेला वजनकाट्यावर उत्तर लगेच मिळत होते, आणि कालच्यापेक्षा आज किती, हे कळत होते. 'मला यशस्वी व्हायचे आहे', 'मला फिट व्हायचे आहे' या वाक्यांना वजनकाटा नसतो. त्यामुळे ती वर्षानुवर्षे म्हणता येतात.

आकड्याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने दर ग्राहकामागे आठ खाती-योजना विकण्याचा धोशा लावला होता. २०१६ मध्ये उघड झाले, की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली होती. बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. शिवाय लॉक आणि लॅथम स्वतःच सांगतात, की ज्याला काम येते त्यालाच आकड्याचा उपयोग होतो. काम नवे आणि गुंतागुंतीचे असेल, तर निकालाचा आकडा माणसाला घाबरवतो. अशा वेळी ध्येय शिकण्याचे असावे. गणिताच्या नावाने कापरे भरणाऱ्या मुलाला '९५ टक्के आण' म्हणण्यापेक्षा 'या आठवड्यात या प्रकारची गणिते सोडवायच्या दोन पद्धती शोध' असे सांगितले, तर तो हलेल तरी.

आता मनात रंगवायच्या चित्राकडे येऊ. नेपोलियन हिल यांचे 'थिंक अँड ग्रो रिच' १९३७ मध्ये आले. पैशाची धगधगती इच्छा धरा, रक्कम ठरवा, ती हातात आलीच आहे असे पाहा, हा त्याचा गाभा. २००६ मध्ये 'द सीक्रेट'ने याच सल्ल्याला विश्वाच्या आकर्षणाच्या नियमाचे वेष्टण चढवले. दोन्ही पुस्तके मराठीत आहेत आणि रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलपासून लग्नाच्या अहेरापर्यंत सगळीकडे भेटतात. भिंतीवर बंगल्याचे, गाडीचे, परदेशातल्या विद्यापीठाचे चित्र लावा आणि रोज सकाळी डोळे मिटून ते मिळाल्याचा आनंद अनुभवा, असे सांगणाऱ्या कार्यशाळा गावोगावी होतात.

गाब्रिएले ऑटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी नेमका हाच सल्ला तपासला. त्यांचा पहिला गाजलेला अभ्यास १९९१ चा. वजन कमी करण्याच्या एका कार्यक्रमात २५ लठ्ठ स्त्रिया दाखल झाल्या होत्या. सुरुवातीलाच त्यांना दोन वेगळ्या गोष्टी विचारल्या. वजन कमी होईल असे तुम्हाला कितपत वाटते? आणि कार्यक्रम पूर्ण झाल्यावर मैत्रीण भेटली, समोर डोनटचे ताट आले, तर तुमच्या मनात काय चित्र उभे राहते? वर्षाने वजने घेतली. 'मला जमेल' अशी खात्री असलेल्या बायकांचे वजन जास्त उतरले होते. इथवर सगळे अपेक्षेप्रमाणे. पण ज्यांनी सडपातळ झालेल्या स्वतःचे सर्वांत गोड चित्र रंगवले होते, त्यांचे वजन तुलनेने सुमारे ११ किलो कमी उतरले होते. खात्री मदतीला आली, चित्र आडवे आले.

मग त्यांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या माणसांना विचारला. पदवी घेऊन नोकरी शोधणारी जर्मन मुले घ्या. मनासारख्या नोकरीची स्वप्ने वरचेवर पाहणाऱ्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्यांची बोलावणी कमी आली आणि पगारही कमी मिळाला. कुणावर मनातल्या मनात प्रेम करणारी मुले घ्या. त्या व्यक्तीबरोबर फिरण्याचे सोहळे जे मनात साजरे करत, त्यांचे प्रेम पुढे सरकण्याची शक्यता कमी निघाली. खुब्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्येही कल तोच.

असे का व्हावे? ऑटिंगेन आणि हेदर कॅपिस यांनी २०११ मध्ये याचे एक उत्तर दिले. काहीतरी करायला शरीर सज्ज होते तेव्हा वरचा रक्तदाब थोडा चढतो. उंच टाचांच्या सुंदर चपला घालून आपण किती छान दिसतो आहोत, असे चित्र त्यांनी काही स्त्रियांना रंगवायला लावले आणि रक्तदाब मोजला. तो उतरला. शरीर सैलावले होते. आपल्याकडे मनातले मांडे खाणाऱ्याची थट्टा होते, कारण तो उपाशी राहणार हे सगळ्यांना दिसत असते. ऑटिंगेन यांच्या प्रयोगांतून दिसते ते थोडे अधिक गंभीर आहे: मनातल्या मांड्यांनी पोट खरेच थोडे भरते. भूक मंदावते. चूल पेटवायला उठावेसे वाटत नाही.

मग चित्र रंगवायचेच नाही का? रंगवायचे, पण त्यात काय असावे हा प्रश्न आहे. लिएन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात मानसशास्त्राची परीक्षा आठवड्यावर आली होती. काही विद्यार्थ्यांना रोज पाच मिनिटे हे पाहायला सांगितले, की यादीत आपल्याला उत्तम गुण मिळाले आहेत, छाती फुगली आहे. दुसऱ्या गटाने पाहायचे, की आपण टेबलाशी बसलो आहोत, धडा उघडला आहे, टीव्ही बंद केला आहे, मित्राला बाहेर यायला नकार दिला आहे. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला, जास्त तास केला आणि त्यांना गुणही जास्त पडले. फक्त यश पाहणाऱ्यांनी अभ्यास कमी केला, गुणही कमी.

पुण्यात सदाशिव पेठेच्या आसपास स्पर्धा परीक्षा देणारी हजारो मुले राहतात. कॉट-बेसिसच्या खोलीत भिंतीवर लाल दिव्याच्या गाडीचे चित्र असते. गाड्यांवरचे ते दिवे २०१७ मध्ये गेले, भिंतीवरचे गेले नाहीत. वहीच्या पहिल्या पानावर नावापुढे पद लिहिलेले असते. क्लासच्या उद्घाटनाला नुकताच उपजिल्हाधिकारी झालेला तरुण फेटा बांधून येतो आणि आपल्या सत्काराचे वर्णन करतो. मुले भारावतात. त्या भाषणापेक्षा पूर्व परीक्षेत सीसॅटच्या पेपरला वेळ कुठे गेला, मुख्य परीक्षेचे उत्तर लिहिताना हात कुठे अडला, मेसच्या जेवणानंतर अभ्यासिकेत झोप येते तेव्हा काय केले, हे त्याने अर्धा तास सांगितले तर मुलांच्या पदरात काही पडेल. पण अशा भाषणाला टाळ्या नसतात.

खेळाडू मनातल्या चित्राचा सर्वांत जास्त वापर करतात, म्हणून त्यांच्याकडे नीट पाहायला हवे. नेमबाज अभिनव बिंद्रा २००४ साली अथेन्स ऑलिंपिकला गेला तेव्हा १० मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत ६०० पैकी ५९७ गुण मिळवून तिसरा होता. अंतिम फेरीत तो सातवा आला. नंतर कळले ते असे, की त्याच्या जागेखालची फरशी सैल होती आणि हलत होती. या खेळात निशाण्यावरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, तेव्हा पायाखालची फरशी ही लहान बाब नाही. यावर माणूस दोन गोष्टी करू शकतो. नशिबाला दोष देऊ शकतो, किंवा पुढच्या वेळच्या सुवर्णपदकाचे चित्र आणखी भडक रंगात काढू शकतो. बिंद्राने घरच्या रेंजवर मुद्दाम सैल फरशी बसवून घेतली आणि तिच्यावर उभा राहून सराव केला. पुढचे ऑलिंपिक बीजिंगला होते. तिथला हॉल मोठा असणार, प्रकाश वेगळा असणार. म्हणून त्याने लग्नाचा हॉल भाड्याने घेऊन तिथे तसे वातावरण उभे केले. लग्नाच्या हॉलचा याहून चांगला उपयोग आपल्या देशात क्वचितच झाला असेल.

११ ऑगस्ट २००८. पात्रता फेरीत ५९६ गुणांनी तो चौथा. अंतिम फेरीआधी साइट जुळवण्यासाठी थोडा वेळ मिळतो, तेव्हा पहिला छर्रा दहाच्या जवळ कुठेच नव्हता, चाराच्या आसपास लागला होता. बंदुकीची साइट हललेली होती. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीला काही मिनिटे उरली असताना असे झाले, तर ज्याच्या मनात फक्त व्यासपीठ आणि राष्ट्रगीत असेल तो तिथेच कोसळेल. बिंद्राने साइट पुन्हा जुळवली आणि दहा फैरींत १०४.५ गुण घेतले. शेवटच्या फैरीआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हाक्किनेन बरोबरीत होते, दोघांचेही ६८९.७. हाक्किनेनचा छर्रा ९.७ वर लागला. बिंद्राचा १०.८ वर. एकूण ७००.५, आणि भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण.

त्यानंतर दोनच दिवसांनी, त्याच बीजिंगमध्ये, अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्सने २०० मीटर बटरफ्लायसाठी सूर मारला आणि त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरू लागले. शेवटच्या टप्प्यात त्याला काही दिसत नव्हते. तो हात मोजत पोहला, कारण या अंतराला आपल्याला किती हात लागतात हे त्याला पाठ होते, आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून भिंतीला लागला. त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन त्याला लहानपणापासून रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर शर्यतीची 'व्हिडिओ टेप' मनात चालवायला लावत. त्या टेपमध्ये सगळे सुरळीत चाललेल्या शर्यतीही असत आणि फसलेल्याही. इतकेच नाही, ऑस्ट्रेलियातल्या एका शर्यतीपूर्वी बोमन यांनी त्याच्या गॉगलवर जाणूनबुजून पाय दिला होता. असे प्रशिक्षक आपल्या पालकांना कितपत चालतील, शंकाच आहे.

मनातल्या सरावाने शरीरात काही घडते का, हाही प्रश्न तपासला गेला आहे. १९९२ मध्ये ग्वांग यू आणि केली कोल यांनी करंगळी बाजूला रेटण्याच्या स्नायूवर प्रयोग केला. चार आठवडे प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांची ताकद ३० टक्क्यांनी वाढली. बोट न हलवता तोच व्यायाम फक्त मनात करणाऱ्यांची २२ टक्क्यांनी. काहीच न करणाऱ्यांची ३.७ टक्क्यांनी. स्नायू न हलता ताकद वाढली, म्हणजे फरक स्नायूत नव्हता, त्याला हुकूम देणाऱ्या मज्जासंस्थेत होता. १९९५ मध्ये आल्वारो पास्कुआल-लिओने यांनी पियानो न येणाऱ्या माणसांना पाच बोटांचा एक छोटा पाठ दिला. एका गटाने रोज दोन तास असे पाच दिवस तो वाजवला. दुसऱ्याने पियानोसमोर बसून फक्त मनात वाजवला. मेंदूतला बोटांचा ताबा घेणारा भाग दोन्ही गटांत जवळपास सारखाच विस्तारला. मनात वाजवणारे पाचव्या दिवशी जेवढे अचूक वाजवत होते, तेवढे प्रत्यक्ष वाजवणारे तिसऱ्याच दिवशी वाजवू लागले होते. पण पहिल्यांना पियानोवर एकदा दोन तास मिळताच त्यांनी ही तूट भरून काढली.

म्हणजे मनातला सराव हा खराखुरा सराव आहे, फक्त थोडा फिका. त्याच्या मर्यादाही माहीत आहेत. जेम्स ड्रिस्केल आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा दिसले, की प्रत्यक्ष सरावाची जागा तो घेऊ शकत नाही, त्याचा परिणाम दिवसांगणिक उतरतो, आणि एका बैठकीत वीसेक मिनिटांपलीकडे ताणण्यात फायदा नसतो. या प्रयोगांतली माणसे मनात काय करत होती, हेही पाहा. बोट रेटत होती, पट्टी दाबत होती. टाळ्या घेत नव्हती.

ऑटिंगेन यांनी आपल्या प्रयोगांतून जी रीत सुचवली ती सोपी आहे. आधी इच्छा आणि तिचे फळ मनात स्पष्ट पाहायचे. गोड चित्राला बंदी नाही. पण लगेच, त्याच बैठकीत, आपल्यातला असा कोणता अडथळा वाटेत उभा आहे, हे तेवढ्याच स्पष्टपणे पाहायचे. क्रम महत्त्वाचा. अडथळा आधी पाहून मग गोड चित्राकडे गेले तर परिणाम होत नाही. अडथळा म्हणजे 'वेळ मिळत नाही' असले गुळमुळीत नाव नव्हे. रात्री साडेदहाला फोन हातात येतो आणि साडेबाराला सुटतो, हा अडथळा. वरिष्ठांसमोर इंग्रजीत बोलायची वेळ आली की तोंड बंद होते, हा अडथळा.

त्यावरचा तोडगा ऑटिंगेन यांचे पती पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनातून येतो. अडथळा समोर आल्यावर विचार करत बसलात तर हरलात. म्हणून कृती आधीच ठरवून ठेवायची, 'जर असे झाले, तर मी हे करीन' अशा वाक्यात. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत बोलका आहे. आठवड्यातून एकदा तरी नीट व्यायाम करायचा होता. ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांच्यातल्या ३८ टक्के लोकांनी तो केला. ज्यांना व्यायामाने हृदयविकार कसा टळतो हे वाचायला देऊन प्रेरणा दिली, त्यांच्यातल्या ३५ टक्क्यांनी केला. आणि ज्यांनी तीच प्रेरणा घेऊन वर 'अमुक वारी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी मी व्यायाम करीन' एवढे एक वाक्य लिहिले, त्यांच्यातल्या ९१ टक्क्यांनी. प्रेरणेचा धंदा करणाऱ्यांनी हे तीन आकडे कार्यालयात फ्रेम करून लावावेत. मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ यांनी ऑटिंगेन आणि गॉलविट्झर यांच्यासोबत अमेरिकी शाळकरी मुलांवर दोन्ही रीती एकत्र वापरल्या. त्या मुलांनी सुट्टीत परीक्षेच्या सरावाचे प्रश्न इतरांपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त सोडवले.

इथे एक आक्षेप रास्त आहे. सगळे अडथळे मनातले नसतात. मोबाइल आवरता येतो, दारिद्र्य 'जर–तर'च्या वाक्याने आवरत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला होता. लाल मातीत घडलेला हा मल्ल तिथे गादीवर लढला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. आपले कुठे अडते हे त्यांना तिथे उमगले: गादी वेगळी, नियम वेगळे, झटपट डाव टाकून गुण घेण्याची पद्धत वेगळी. पुढची चार वर्षे तयारी त्या दिशेने झाली. पण १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा अडचण तिकिटाची होती. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ उजाडावे लागले. या कथेतून जिद्दीचा गौरव करण्याची आपली सवय आहे आणि तो व्हावाही. मला मात्र यात खर्डीकरांचे घर आधी दिसते. जिद्दीला गहाण ठेवायला घर लागते, आणि ते बहुतेकांच्या पाठीशी नसते. म्हणून वाटेतल्या अडथळ्यांची यादी करताना पैसे, घरची जबाबदारी, आजारपण हे रकाने कोरे सोडू नयेत. तिथे 'इच्छा असेल तर मार्ग सापडतो' असे लिहिणे ही स्वतःची फसवणूक आहे.

ऑटिंगेन यांच्या रीतीतला सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग इथेच येतो. इच्छा आणि अडथळा समोरासमोर ठेवले की दोनपैकी एक घडते. अडथळा ओलांडण्याजोगा वाटला तर माणूस जोमाने कामाला लागतो. तसा वाटला नाही, तर तो ती इच्छा सोडतो किंवा बदलतो. प्रयोगांत दुसरा परिणामही तितकाच स्पष्ट दिसला आहे, आणि ऑटिंगेन तो रीतीचा दोष मानत नाहीत, गुण मानतात. व्यासपीठावरून कधीच न सांगितले जाणारे वाक्य ते हे: काही इच्छा सोडणे शहाणपणाचे असते. आणि गाठलेल्या ध्येयाच्याही पलीकडे आयुष्य उरते. बीजिंगच्या सुवर्णानंतर आपल्याला जबरदस्त पोकळी जाणवली, असे बिंद्राने स्वतः अनेकदा सांगितले आहे.

पुन्हा पुण्यातल्या त्या मुलांकडे येऊ. राज्यसेवेच्या परीक्षेला खुल्या प्रवर्गातून वयाच्या ३८ व्या वर्षापर्यंत बसता येते. जागा काही शे, अर्ज लाखांत. अशा परीक्षेत 'स्वप्न सोडू नका' हा सल्ला देणाऱ्याचे काही जात नाही. तो ऐकणाऱ्याची पंचविशीपासूनची दहा-बारा वर्षे जातात. तेव्हा तयारी करणाऱ्यांनो, भिंतीवरचे चित्र राहू द्या, पण त्याच्या शेजारी तीन ओळी लिहा. गेल्या वेळी नेमके कुठे अडलो. तिथे पुन्हा आलो तर काय करणार. आणि कोणत्या तारखेपर्यंत, किती अटेम्प्टपर्यंत प्रयत्न करणार. नावापुढचे पद चारचौघांत आधीच मिरवू नका. आपण कोण होणार हे लोकांना ऐकवले, की त्यासाठी राबायची निकड कमी होते, असे गॉलविट्झर यांनी २००९ मध्ये दाखवले आहे. ती तिसऱ्या ओळीतली तारीख मात्र आई-वडिलांना आजच सांगा.